‘प्राथर्ना’ नव्हे, ‘प्रार्थना’: बंद पडलेलं मननलेखन पुन्हा उभं करताना

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी एकाच दुखण्याची पत्रं या अंकासाठी बाजूला काढली आहेत. दर रविवारची मननं, उपवासकाळातली चिंतनं, रविवारशाळेचे पाठ असं पुष्कळ काही ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं संगणकावर लिहिलं. मग कधी डिस्क गेली, कधी फॉन्ट उघडेना, कधी पासवर्ड हरवला आणि लिहिणं थांबलं ते थांबलंच. पुन्हा सुरुवात करताना बहुतेक जण नव्या मुखपृष्ठापासून आणि नव्या नावापासून सुरू करतात. आमचं म्हणणं उलट आहे: आधी जुना मजकूर सोडवून आणा, बाकीचं त्यानंतर.

प्रश्न: वीसेक वर्षं दर रविवारी एक मनन लिहून मंडळीत वाटत होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात संगणक चार-पाच दिवस पाण्यात होता. तेव्हापासून तो माळ्यावर आहे. आता पुन्हा लिहायला बसायचं आहे. भाचा म्हणतो, डिस्क काढून जोडून तर बघू. बघावं का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

भाच्याला आजच थांबवा. त्या डिस्कला वीज देऊ नका, एकदाही नाही. हार्ड डिस्क पूर्ण हवाबंद नसते. आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं आणि पुराचं पाणी तिथूनच आत जातं. पाणी सुकतं, कृष्णेचा गाळ मात्र तबकडीवर राहतो. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. मधे गाळाचा कण आला की चुंबकीय थर खरवडला जातो. त्या थरावर जे लिहिलेलं होतं ते कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. म्हणजे तुमची २०१९ पासून माळ्यावर पडून असलेली मननं कदाचित अजून शाबूत आहेत, आणि ‘जोडून बघू’ म्हणताच ती जातील.

डिस्क पुसू नका, उघडू नका, तांदळात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: नुसत्या तपासणीचे पैसे किती, डेटा निघालाच नाही तर किती द्यायचे, आणि काय निघालं याची फाइलवार यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का. हा खर्च मोठा असतो. म्हणून त्याआधी एक काम करा. तुम्ही मनन ‘वाटत’ होता, म्हणजे त्याच्या प्रती कुठेतरी आहेत. स्वतःच्या ई-मेलच्या ‘पाठवलेले’ या कप्प्यात शोधा. ज्या डीटीपीवाल्याकडे प्रिंट काढायचात त्याच्या जुन्या संगणकात विचारा. मंडळीच्या स्मरणिका चाळा. महिला संघातल्या एखाद्या बाईंनी सगळी पानं पवित्र शास्त्रात घडी घालून जपलेली असतात, हे गृहीत धरून विचारत फिरा. निम्म्याहून अधिक मजकूर असाच सापडला, तर प्रयोगशाळेचा खर्च करायचा की नाही हे ठरवणं सोपं जाईल.

सीड्याही भिजल्या असतील, तर त्यांची परिस्थिती डिस्कपेक्षा बरी असते. स्वच्छ पाण्याने धुवा, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा (गोल गोल नाही, कारण गोलाकार ओरखडा वाचनाच्या रेषेवरच बसतो) आणि उभ्या ठेवून वाळवा. एका ड्राइव्हमध्ये वाचली नाही तर दुसऱ्यात घालून बघा. ड्राइव्हागणिक फरक पडतो.

ज्यांची डिस्क भिजलेली नाही, नुसता संगणक बंद पडला आहे, त्यांनी यूएसबी ॲडॉप्टर घ्यावा. जुन्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. तो नसलेला ॲडॉप्टर घेतला तर डिस्क फिरणारच नाही आणि ती मेली असं वाटेल. जोडल्यावर टक्-टक् असा ठोका ऐकू आला तर लगेच काढा. ठोका नसेल, पण फाइली अडकत असतील, तर विंडोज ‘डिस्क दुरुस्त करू का’ असं विचारेल. नाही म्हणा. ती दुरुस्ती आजारी डिस्कवरच लिहित सुटते. आधी डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि पुढचं सगळं खोदकाम त्या प्रतिमेवर करा.

प्रश्न: फाइली सगळ्या आहेत, पण नव्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरने युनिकोड केलं, तर ‘खि्रस्त’, ‘प्राथर्ना’, ‘आशीवार्द’ असं छापून आलं. सहाशे पानं पुन्हा टाइप करायची का?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

नाही, बाई. टाइप अजिबात करू नका. पण कन्व्हर्टरवर विसंबूनही चालणार नाही. हे असं का होतं ते एकदा नीट समजून घेतलं की सहाशे पानं आवाक्यात येतील.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी कळफलकावरचं चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर मराठी चित्र चढवतो. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘येशू’ हे नाव अर्धविराम, एस, अपॉस्ट्रॉफी, के आणि डब्ल्यू अशा पाच खुणांनी लिहिलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून त्या पाच खुणा उघड्या पडतात. मजकूर बिघडलेला नाही. फक्त त्यावरचा पोशाख गेला आहे.

कन्व्हर्टर चुकतो तो क्रमात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केली जाते, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर अक्षर म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, उच्चाराचा क्रम चालतो: वेलांटी संपूर्ण जोडाक्षरानंतर, रफार त्याच्या आधी. ‘ख्रिस्त’मधली वेलांटी ‘ख्र’ ओलांडून पलीकडे न्यायला हवी. कच्चा कन्व्हर्टर ती फक्त ‘ख’च्या पलीकडे नेतो आणि ‘खि्रस्त’ होतं. ‘प्रार्थना’मधला रफार ‘थ’च्या आधी यायला हवा, तो एक घर कमी सरकतो आणि ‘प्राथर्ना’ होतं. ‘स्वर्ग’चं ‘स्वगर्’, ‘आशीर्वाद’चं ‘आशीवार्द’ याच कारणाने. नेमके आपल्या लेखनातले रोजचे शब्द याला बळी पडतात.

आता कामाचा क्रम. मूळ फाइलची प्रत करा आणि मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी ठेवा. प्रत वर्डमध्ये उघडून मजकुरावर कर्सर ठेवा. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं. ते नाव अंकांसकट उतरवून घ्या. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव या प्रत्येकाची मांडणी वेगळी आहे, आणि श्रीलिपीत तर एकाच घराण्यातल्या फॉन्टगटांचीही. कन्व्हर्टरमध्ये चुकीच्या फॉन्टची मांडणी निवडली तर आलेला मजकूर मराठीसारखा दिसतो, पण वाचता येत नाही. श्रीलिपी वापरत होतात, तर तिच्या नव्या आवृत्तीसोबत येणारी रूपांतराची सोय आधी वापरून बघा. बाहेरच्या फुकट कन्व्हर्टरपेक्षा ती क्रम बराच नीट सांभाळते.

एक पान रूपांतर करून त्यातल्या चुका वहीत लिहा. दहा पानांत तुमची यादी वीस-पंचवीस जोड्यांवर जाईल आणि मग वाढायची थांबेल, कारण चुका नियमाने होतात. ही यादी लिबरऑफिस रायटरच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये एकेक चालवा. आधी पूर्ण शब्द बदला (‘प्राथर्ना’), तुकडे नंतर (‘खि्र’चं ‘ख्रि’). शेवटी शब्दाच्या टोकाला उरलेला ‘र्’ शोधा. असा प्रत्येक ‘र्’ म्हणजे घर चुकलेला रफार.

तीन गोष्टी मात्र यादीने सुटत नाहीत. पहिली ‘ऱ्य’. जुन्या फॉन्टमधलं ‘दुसऱ्या’, ‘साताऱ्याला’, ‘तऱ्हा’ हे रूपांतरात ‘दुसर्या’, ‘सातार्याला’, ‘तर्हा’ होतं. सगळे ‘र्य’ एकदम बदलू नका, नाहीतर ‘कार्य’ आणि ‘ऐश्वर्य’ बिघडतील. एकेक बघून बदला. नव्याने टाइप करताना इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ (J) ही कळ दाबली की नुक्ता असलेला ‘ऱ’ येतो, मग डी दाबून हलंत आणि पुढे ‘य’. दुसरी गोष्ट ‘ॲ’. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधताना वेगळी. एकच ठरवा.

तिसरी, आणि आपल्या लेखनात सगळ्यात त्रासदायक: वचनांचे संदर्भ. ओळीत मधेच दुसऱ्या फॉन्टात टाइप केलेला भाग कन्व्हर्टरला वेगळा ओळखता येत नाही, तोही तो मराठी करून टाकतो. कृतिदेवमध्ये कोलनच्या कळीवर ‘रू’ बसलेला आहे. म्हणून साध्या इंग्रजी फॉन्टात लिहिलेलं ३:१६ रूपांतरानंतर ‘३रू१६’ होऊन बसतं. काही ठिकाणी कोलनच्या जागी विसर्ग येतो, ‘३ः१६’, आणि तो नजरेला जाणवतसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक संदर्भ पवित्र शास्त्र उघडून ताडून पाहा. अध्याय आणि वचन यांत एका अंकाची चूक राहिली, तर वाचणारा उपासनेत भलतंच वचन उघडून बसतो.

तपासताना मजकूर मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या कुणाला जुना कागद हातात देऊन ऐकायला बसवा. पानाला दहा मिनिटं धरा. रोज चार पानं झाली, तर सहाशे पानं पाच महिन्यांत होतात. तेवढे महिने देण्यासारखं हे काम आहे.

प्रश्न: आमच्याकडे पेजमेकरच्या फाइली आहेत. तो प्रोग्रॅम आता कुणाकडेच नाही.
— एक वाचक, कराड

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, २००१ सालची. इनडिझाइन या पानं मांडायच्या नंतरच्या प्रोग्रॅमच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या ६.० ते ७.० च्या फाइली उघडत. नंतरच्या उघडत नाहीत. एखाद्या जुन्या प्रेसमध्ये सीएस६ असेल तर सगळ्या फाइली एका बैठकीत उघडून मजकूर बाहेर काढून घ्या. नाहीतर लिबरऑफिस ड्रॉ वापरा. तो फुकट आहे आणि ६ व ७ च्या फाइली उघडतो. पानाची मांडणी विस्कटेल, मजकूर तुकड्यातुकड्यांच्या चौकटींत येईल. मांडणीकडे दुर्लक्ष करा, मजकूर उचला, आणि मग वर मिरजेच्या बाईंना सांगितलेली वाट धरा, कारण आतला फॉन्ट जुनाच असणार.

प्रश्न: सगळं युनिकोडमध्येच लिहिलं होतं. तरी एका जागेवरून दुसरीकडे हलवल्यावर काही मनन चौकोन चौकोन दिसतात, काहींत नुसती प्रश्नचिन्हं आहेत, आणि काहींत विचित्र खुणांच्या रांगा. कुठलं वाचेल?
— एक तरुण वाचक, वाई

या तीन खुणांचे अर्थ वेगळे आहेत, आणि ते कळले की घाबरायचं किती हेही कळतं.

चौकोन म्हणजे त्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. मजकूर पूर्ण सुरक्षित आहे. फॉन्ट टाका, दिसेल.

प्रश्नचिन्हं म्हणजे मजकूर गेला. हलवताना मधल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमला मराठी ठेवता आली नाही आणि त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं. त्या फाइलवर वेळ घालवू नका, त्याआधीची प्रत शोधा. जुनी जागा अजून बंद केली नसेल, तर तिथून पुन्हा काढा.

विचित्र खुणांची रांग ही सगळ्यात आशेची. बारकाईने पाहा: डोक्यावर तिरपी रेघ असलेलं छोटं इंग्रजी ए, त्याच्यापुढे चार शिंगं असलेलं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी एक खूण, आणि पुन्हा तेच. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखा, म्हणून ते ए दर तिसऱ्या जागी येतं. देवनागरीच्या १२८ जागांपैकी पहिल्या ६४ ना शिंगांचं गोल मिळतं, पुढच्या ६४ ना येन. म्हणजे तुमची मराठी जशीच्या तशी तिथे आहे, फक्त तिला पाश्चिमात्य अक्षरं समजून दाखवलं जात आहे. फाइल लिबरऑफिसमध्ये उघडताना अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ निवडा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच मराठी परत येते.

चुकीच्या रूपातच पुन्हा जतन केली असेल, तर उलट प्रवास करावा लागतो: फाइल विंडोज-१२५२ या अक्षरसंचात जतन करा आणि यूटीएफ-८ म्हणून उघडा. इथे एक धोका आहे. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत. काही प्रोग्रॅम त्या जागांवरचे बाइट टाकून देतात, आणि मराठीत ते नेमके ऱ्हस्व उकार, हलंत, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचे शेवटचे बाइट असतात. हलंत गेला की सगळी जोडाक्षरं फुटतात. म्हणून एका मननावर करून बघा. ‘प्रभु’ नीट आलं, तर पुढे जा. ते फुटलं, तर हातातला प्रोग्रॅम सोडून दुसरा घ्या आणि मूळ फाइलवरून पुन्हा सुरू करा.

प्रश्न: वडील पाळक होते. त्यांच्या चौदा वह्या आहेत, काहींना बुरशी आहे. त्यांच्या मननांपासूनच पुन्हा सुरुवात करावी असं मनात आहे. टाइप करायला कुणी नाही.
— एक वाचक, फलटण

फार चांगली सुरुवात आहे. आधी वह्या. बुरशी सुकी असल्याची खात्री करा, मास्क लावून घराबाहेर सावलीत मऊ ब्रशने झटका. ओल असेल तर पंख्याखाली पानं उघडून वाळवा. उन्हात ठेवू नका, शाई उडते. मग फोटो. ए-फोर आकाराच्या पानाला ३०० डीपीआय म्हणजे सुमारे २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल, नऊ मेगापिक्सेलच्या आत. म्हणजे साधा १२ मेगापिक्सेलचा फोन पुरतो. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. फाइलचं नाव वही आणि पान सांगणारं ठेवा, अंक तीन घरांचे, म्हणजे ००९ नंतर ०१० नीट लागतं. हे फोटो कुणाला पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेत तर ते दाबले जातात आणि बारीक अक्षर पुसट होतं.

हस्ताक्षर ओळखणारे प्रोग्रॅम मराठीसाठी अजून भरवशाचे नाहीत. छापील कागदाला गूगल ड्राइव्हचं ओसीआर (फोटोतला मजकूर वाचणारी सोय) उत्तम, वहीला नाही. वहीसाठी बोलून लिहिणं हाच जवळचा रस्ता. फोनच्या कळफलकात मराठी निवडा, माइक दाबा आणि वडिलांचं वाक्य वाचा. एका वेळी एक परिच्छेद. विरामचिन्हं नंतर हाताने द्यावी लागतील. ‘थेस्सलनीकाकरांस’, ‘हबक्कूक’, ‘फिलिप्पैकरांस’ अशी नावं तो हमखास चुकवेल. ती आधीच कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा.

वडिलांची भाषा सुधारू नका. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार, ‘करितां’, ‘देवानें’, असे असतील तर आहेत तसे राहू द्या. ज्या जागी अक्षर लागत नाही तिथे चौकोनी कंस करून रिकामी जागा ठेवा, अंदाजाने भरू नका. मंडळीतली वयस्क माणसं वडिलांच्या बोलण्याची लकब ओळखतात. एक दुपार त्यांच्यासोबत बसलात, तर निम्म्या जागा भरतील.

प्रश्न: वचनं आणि गीतं छापायला परवानगी लागते का? आतापर्यंत कधी घेतली नाही.
— एक वाचक, तासगाव

भाषांतरालाही स्वतःचा हक्क असतो, मूळ ग्रंथ कितीही प्राचीन असो. भारतात तो लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, त्यांनी भाषांतरित केलेलं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं. निधनापासून मोजा की प्रकाशनापासून, मुदत संपली आहे; मूळ आवृत्तीतला मजकूर मोकळेपणाने वापरता येतो. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ उभा करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. त्यांची गीतंही मोकळी आहेत. मात्र एखाद्या गीतपुस्तकात कुणी अलीकडे केलेला फेरफार, नवी चाल किंवा ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. म्हणून शब्द जुन्या प्रतीवरून घ्या.

मंडळीत रोज वापरलं जाणारं पवित्र शास्त्र बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं आहे. मननात भाष्य करताना मोजकी वचनं नामोल्लेखासह देणं हे १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मधल्या रास्त वापरात बसण्यासारखं आहे. पण अख्खे अध्याय छापायचे, तर लेखी परवानगी मागा. पत्रात आवृत्तीचं नाव, वचनांची यादी, प्रतींची संख्या आणि किंमत लिहा. परवानगीची वाटच बघायची नसेल, तर मराठी इंडियन रिवाइज्ड व्हर्जन हा पर्याय आहे. तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नामनिर्देश, समान-वाटप ४.०’ परवान्याखाली आहे: छापा, वाटा, विकासुद्धा, फक्त श्रेय द्या, मजकूर बदललात तर तसं सांगा आणि बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली ठेवा.

एक आग्रह मात्र आहे. एका मननात दोन भाषांतरं न सांगता मिसळू नका. हातात पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला शब्द जुळेनासे झाले की तो वचन सोडून शब्द शोधत बसतो.

प्रश्न: फोनवर न वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी छोटी पुस्तिका काढायची आहे. मागच्या वेळी प्रेसमध्ये सगळ्या वेलांट्या सरकल्या होत्या.
— एक वाचक, सातारा

ए-फाइव्ह आकार घ्या. अक्षर १३ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट. देवनागरीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार दोन्ही असल्याने इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. पानावर पंचवीसेक ओळी आणि साधारण दोनशे शब्द बसतात. म्हणजे साडेतीनशे शब्दांचं मनन समोरासमोरच्या दोन पानांत पुरं होतं आणि वाचताना पान उलटावं लागत नाही. अर्ध्या वर्षाचे २६ रविवार म्हणजे ५२ पानं, सुरुवातीची ३ आणि शेवटचं १, एकूण ५६. पानं चारच्या पटीतच हवीत, कारण ए-फोरचा एक कागद मधे दुमडला की चार पानं होतात. ७० जीएसएमचे असे १४ कागद मधल्या पिनांवर आरामात राहतात. फॉन्ट ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. मुक्त परवान्याचा आहे आणि त्यातले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत.

वेलांट्या सरकल्या त्या प्रेसमधल्या जुन्या कोरल ड्रॉमुळे, असं वर्णनावरून दिसतं. त्याला युनिकोड देवनागरीची जोडणी येत नाही. इनडिझाइनमध्येही परिच्छेदाच्या सेटिंगमधला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नसेल, तर हेच होतं. उपाय एकच: प्रेसला मजकूर देऊ नका, तयार पीडीएफ द्या. देण्याआधी पीडीएफच्या माहितीच्या चौकटीत फॉन्टची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ असं हवं. छपाईआधी एक कच्ची प्रत कागदावर मागा आणि तिच्यात ‘ख्रिस्त’, ‘प्रार्थना’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द शोधून पाहा. ते नीट असतील तर बाकीचंही नीट असतं.

प्रश्न: तीनदा सुरू केलं, तीनदा थांबलं. या वेळी टिकावं म्हणून काय करू?
— एक वाचक, मिरज

तुमच्या पत्रातली तिन्ही कारणं वाचली: एकदा डिस्क, एकदा फॉन्ट, आणि एकदा ज्या नंबरवर पासवर्डचा कोड येत होता तो मोबाइल बंद झाला. तीनही वेळा श्रद्धा कमी पडली नव्हती, लेखणीही नाही. मजकूर एकाच कुलपात होता.

म्हणून प्रत्येक मनन दोन रूपांत ठेवा: एक सजवलेली फाइल आणि एक निव्वळ मजकुराची, यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली. दुसरी कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. तीन प्रती करा: एक घरच्या संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. बाहेरची डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. पूररेषेच्या बाहेर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. पेन ड्राइव्ह ने-आण करायला आहे, जपून ठेवायला नाही. दर तीन महिन्यांनी त्या प्रतींतली कुठलीही तीन मननं उघडून वाचा. न उघडलेली प्रत ही प्रत आहे असं धरू नका.

सुरुवात आगमनकाळाने करा, उपवासकाळाने नको. चाळीस दिवस रोज लिहायचं म्हणजे पहिल्याच आठवड्यात दम लागतो. आगमनकाळाचे रविवार चार, आणि पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवसाआधी आठ मननं पुरी, तपासलेली, हातात हवीत. चार नाताळपर्यंतची आणि चार आजारपणात लिहिणं जमलं नाही तर राखीव. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल, तर ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना ते पोचतच नाही. उपासनेनंतर उभं राहून लोकांना नंबर जतन करायला सांगा.

आणि खात्याचं. आजच खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जुना मोबाइल नंबर काढा, चालू नंबर घाला, सोबत घरातल्या दुसऱ्या कुणाचा ई-मेल जोडा. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते मिटवलं जाऊ शकतं. त्याच सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ आहे. तिथे मुलीचं किंवा तुमच्या पाळकांचं नाव घाला, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या मुदतीनंतर साठा त्यांच्या हाती जाईल. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल, तर मोबाइल हाताशी नसताना पासवर्डसोबत वापरायचे दहा कोड छापून मिळतात, ते कागदावर घ्या आणि पवित्र शास्त्राच्या मागच्या पुठ्ठ्यात नाही, बँकेच्या कागदांसोबत ठेवा. पवित्र शास्त्र उपासनेला बरोबर जातं आणि कधीतरी बाकावर राहून जातं.